पंधरा इंची सबवूफर आणि बारा अंड्यांचा केक

व्हर्लिन लिंडक्विस्टने सिनेमाचा आवाज घुमवणारा पंधरा इंची सबवूफर घेतला, त्याला कारण एवढंच की त्याच्या मेव्हण्याकडे बारा इंची होता.

"तळघर बारा बाय चौदा, छत बुटकं, स्पीकर वीतभर," दुकानदाराने परोपरीने सांगितलं. "दहा इंची भरपूर झाला. याहून मोठा घेतलात तर सिनेमातली माणसं बोलताना नुसती दिसतील, ऐकू येणार नाहीत."

"आमच्या घरात तसंही कोणी फार बोलत नाही," व्हर्लिन म्हणाला.

मिनेसोटातल्या त्या गावात तेव्हा कोणी दारांना कुलपं लावत नसे आणि फोन स्वयंपाकघराच्या भिंतीवर असे. मंगळवारी सकाळी सबवूफर आला. कपडे धुण्याच्या यंत्राएवढा थोरला डबा. तो तळघरात उतरवेपर्यंत व्हर्लिनची पाठ धरली. नेमका त्याच वेळी वर त्याच्या बायकोने, मार्लिसने, ओव्हनमध्ये केक ठेवला होता.

हा केक काउंटीच्या जत्रेतल्या स्पर्धेसाठी होता. बारा अंड्यांतला नुसता पांढरा भाग फेसून केलेला, कापसासारखा हलका. अकरा वर्षं त्याला पहिल्या नंबराची निळी फीत मिळाली होती. गेल्या वर्षी ती आर्डिस हाल्वरसनने नेली. ती परत आणायचीच, एवढं एकच मार्लिसच्या मनात होतं. गुरुवारी केक नेऊन द्यायचे होते.

"पाऊण तास घरात धपाधप चालायचं नाही, हादऱ्याने केक खाली बसतो," तिने जिन्यावरून बजावलं.

"चालतोय कुठे? रांगणार आहे," खालून उत्तर आलं.

ते खरंच होतं. सबवूफरची जागा ठरवायची रीतच तशी आहे. तो आपल्या बसायच्या खुर्चीवर ठेवायचा, सुरू करायचा आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे आवाज सर्वांत स्वच्छ लागेल, तिथे तो मांडायचा. व्हर्लिनने तो हळू आवाजात लावला. पण त्या डब्याचं हळूसुद्धा असं होतं की कपाटातल्या बश्या बोलू लागल्या. मार्लिस तेव्हा मागच्या अंगणात घेवडा तोडत होती.

तेवढ्यात आर्डिस उसना नेलेला केकचा साचा परत द्यायला आली. घंटा वाजवली, कोणी येईना. घर मात्र घुमत होतं. तिने वाकून तळघराच्या खिडकीतून पाहिलं, तर बहात्तर वर्षांचा व्हर्लिन भिंतीशी, हातापायांवर, जमिनीला कान लावून! हा कोसळलाच, असं वाटून आर्डिस धावत आत गेली आणि तिने मदतीसाठी फोन फिरवला.

गावात कोणी आजारी पडलं तरी अग्निशमन दलच धावून येई. सातव्या मिनिटाला दलाचे चौघे जण जड बूट वाजवत, ओव्हनला वळसा घालून तळघरात उतरले.

"व्हर्लिन, हलू नकोस!" त्यांचा प्रमुख लीरॉय ओरडला.

"नाही हलत. इथेच चांगला ऐकू येतोय."

"काय ऐकू येतंय?"

"सबवूफर. पंधरा इंची."

"एवढ्याशा खोलीत? वेडा की काय तू!" असं म्हणून लीरॉयने गुडघे टेकले. "त्या कोपऱ्यात बघितलंस? बाजूला सर, मला बघू दे."

मार्लिस घेवडा घेऊन आली तेव्हा शिरस्त्राणं घातलेले चार पुरुष तिच्या नवऱ्यामागून रांगत होते, जिन्यात आर्डिस साचा धरून उभी होती, आणि ओव्हनमधला केक मधोमध खचून बसला होता.

"अगं बाई, माझ्यामुळेच झालं का गं हे?" आर्डिस म्हणाली.

"असू दे," मार्लिस म्हणाली. त्या गावात याहून कडक शब्द नव्हता.

रात्रीच्या जेवणाला तिने विचारलं, "त्या डब्याला केवढी खोली लागते?"

"याच्या चौपट तरी. त्या लीरॉयच्या अग्निशमन दलाच्या हॉलएवढी."

"मग त्यांना देऊन टाक. उद्या सकाळीच."

बायकोचं मन इतकं मोठं आहे, हे व्हर्लिनला सत्तेचाळीस वर्षांत कळलं नव्हतं. आर्डिसचं स्वयंपाकघर त्या हॉलच्या भिंतीला लागून होतं, आणि आर्डिस तिचा केक बुधवारी करत असे, हे मात्र त्याच्या डोक्यातही आलं नाही.

बुधवारी सकाळी चौघे येऊन डबा घेऊन गेले. मार्लिसने शांतपणे नवीन बारा अंडी काढली. दहा वाजता घंटा वाजली. दारात आर्डिस, केसांत पीठ, हातात अंड्यांचा खोका.

"बसला गं माझा केक! त्या मेल्यांनी हॉलमध्ये काय आणलंय कोण जाणे. माझ्या खिडक्या नाचतायत."

"अरेरे. मग माझा ओव्हन वापर ना," मार्लिस म्हणाली. असं म्हणायचंच असतं, आणि समोरच्याने नको म्हणायचं असतं.

"छे, छे. तुला कशाला त्रास?"

"त्रास कसला त्यात?"

"नको गं. तुझा केक व्हायचाय."

दोनदा विचारून थांबलं तर कोणी नावं ठेवत नाही. होकार द्यायचा तो तिसऱ्यांदा विचारल्यावर. मार्लिसला थांबायचंच होतं. पण साठ वर्षांचं वळण, जीभ आपली आपण चालली.

"वेडी आहेस का? ठेव ती अंडी इकडे."

"बरं बाई. तू एवढं म्हणतेस तर."

शनिवारी जत्रेच्या मांडवात निकाल लागला. मार्लिसच्या केकवर दुसऱ्या नंबराची लाल फीत होती. निळी कोणाच्या केकवर होती ते सांगायला नकोच. आर्डिसने सगळ्यांसमोर मार्लिसचे दोन्ही हात धरले.

"तुझ्या ओव्हनचीच करामत हं ही! माझा मेला एका बाजूनेच तापतो. पुढच्या वर्षी तू मला विचारूसुद्धा नकोस, मी आपली थेट तुझ्याकडेच येईन."