वाऱ्यानं गेलेलं चित्र

"आज काहीही झालं तरी दादानं खुर्चीतून उठायचं नाही!" ताईनं फर्मान काढलं आणि दादाच्या पाठीशी उशी, पायाशी स्टूल आणि मांडीवर शेंगदाण्यांची वाटी अशी तिन्ही बाजूंनी तटबंदी करून टाकली.

दादा नुकताच निवृत्त झाला होता. भावंडांनी त्याला घड्याळ दिलं नाही, पेन दिलं नाही. त्यांना द्यायची होती एक रविवारची सकाळ. कारण त्याच्या लहानपणीच्या सगळ्या रविवारच्या सकाळी त्यांनीच तर खाऊन टाकल्या होत्या.

तेव्हा या घरात चार पायांचा, लाकडी दारांचा टीव्ही होता. दारं सरकवली की आत राखाडी रंगाचं जग उजाडायचं. पण गच्चीवरचा अँटेना मोठा लहरी, कुणीतरी हातात धरल्याशिवाय चित्र द्यायचा नाही. ते कुणीतरी म्हणजे दादा. खाली ताई आणि धाकटा 'काळ्या किल्ल्याचा पाहुणा' बघत बसायचे. वरून दादा ओरडायचा, "आलं का?" खालून उत्तर जायचं, "आलं! गेलं! थोडं इकडे! आता हलू नको!" अख्खी मालिका संपली, दादा गच्चीवरच. त्यातून शेवटच्या भागात मुखवटेवाल्या पाहुण्यानं मुखवट्याला हात घातला आणि त्याच क्षणी वारा सुटला. अँटेना हलला, पडद्यावर मुंग्याच मुंग्या. मुखवट्यामागे कोण होतं ते या घराला कधी कळलंच नाही.

ताईच्या मनात ते काट्यासारखं रुतून बसलेलं. दादानं काहीच पाहिलं नाही आणि आपण पाहून पाहून अर्धंच पाहिलं! जुन्या मालिका जमवणाऱ्या कुणा छांदिष्टाला गाठून तिनं तो शेवटचा भाग मिळवला, माळ्यावरचा टीव्ही खाली उतरवला आणि टीव्हीवाल्याला बोलावलं.

"सोपं आहे," टीव्हीवाला म्हणाला. "थेट वायर जोडतो. चित्र काचेसारखं स्वच्छ दिसेल."

"मुंग्या दिसतील ना?"

"एकही नाही."

"मग नको."

टीव्हीवाल्यानं आयुष्यभर लोकांच्या मुंग्या घालवल्या होत्या. मागून घेणारं गिऱ्हाईक त्याला आजच भेटलं.

"अहो, मुंग्यांशिवाय ही मालिका म्हणजे मिठाशिवाय जेवण," धाकट्यानं समजावलं. आता धाकट्याचंही टक्कल पडलं होतं, पण नाव धाकटाच.

शेवटी टीव्हीवाल्यानं एक छोटी पेटी आणली. पेटीनं चित्र हवेत सोडायचं, गच्चीवरच्या जुन्या अँटेनानं ते पकडायचं. "पण हवेतलं काम आहे," त्यानं बजावलं. "हवेची गॅरंटी मी देत नाही."

दारं सरकली, तुतारी वाजली, काळा किल्ला दिसला. मुंग्याही अगदी हव्या तेवढ्या होत्या. "बघ दादा, बघ!" ताईचे डोळे भरून आले. दादानं शेंगदाणा तोंडात टाकला आणि किल्ल्यानं कंबरेत वाकून सलाम ठोकला. मग तो आडवा झाला. मग नुसत्या मुंग्या.

दादा उठायला लागला.

"बस!" ताई ओरडली. "धाकट्या, वर जा!"

धाकटा धापा टाकत गच्चीवर पोचला. पण त्याच्या गळ्यात पूर्वीचा जोर नव्हता, म्हणून ताईचे यजमान जिन्यात उभे राहिले. त्यांना खालचं ऐकू येईना, म्हणून ताई दारात उभी राहिली. मग निरोपाची गाडी चालू झाली. टीव्हीवाला म्हणायचा "थांब", ताई म्हणायची "थांब", यजमान म्हणायचे "थांब", आणि तो थांब गच्चीवर पोचेपर्यंत धाकट्यानं अँटेना पार पलीकडे फिरवलेला असायचा.

"मी थांबवून ठेवू का मालिका?" टीव्हीवाल्यानं विचारलं.

"तेव्हा कुणी थांबवत होतं का?" ताई कडाडली.

एवढ्यात अँटेनाचा हात दोरीवरच्या चादरीत अडकला आणि चादर झेंड्यासारखी फडफडायला लागली. वरच्या मजल्यावरच्या काकू धावल्या. "अरे टकल्या, माझी चादर! आत्ता धुतली होती!" आता चित्र गेलं की काकूही ओरडायच्या, आणि आलं तरी त्याच ओरडायच्या. ताईला राहवेना, तीही वर पळाली. टीव्हीवाला पक्कड घेऊन तिच्या मागे.

खोलीत उरली दोघंच. दादा आणि त्याची बायको, म्हणजे सगळ्यांची वहिनी. वहिनीचं माहेर रस्त्यापलीकडच्या समोरच्याच इमारतीत. लग्न झालं तेव्हा ती रस्ता ओलांडून सासरी आली होती. दादाचा हात खुर्चीच्या दांड्यावर आपोआप फिरत होता, डावीकडे थोडा, मग उजवीकडे. वहिनी ते बघत होती.

"जा," ती म्हणाली. "नाहीतर खुर्ची मोडेल."

दादानं तटबंदी फोडली. शेंगदाणे चौखूर उधळले. गच्चीवर पोचून त्यानं धाकट्याच्या हातातून अँटेना घेतला, हलकेच मनगट वळवलं, आणि खाली चित्र असं उगवलं की वहिनीचं "आलंऽऽ!" थेट गच्चीवर ऐकू गेलं. सगळे धडाधड खाली पळाले.

पडद्यावर पाहुणा घोड्यावरून उतरत होता. ताईनं खुर्चीकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली. खुर्ची रिकामी. "परत तेच केलं गं आपण! दादा परत वर आणि आपण खाली!"

खिडकीतून दादाचा आवाज आला. "लाल झग्याचा सरदार आला का?"

"आला!" धाकटा ओरडला.

"आता तो हिरवी अंगठी काढेल बघ!"

सरदारानं अंगठी काढली. राखाडी अंगठी.

"हिरवी?" ताई हळूच म्हणाली. "आपल्याकडे कुठं रंग होते?"

"आणि आपला टीव्ही सोडून हा बघत होता कुठं?" धाकट्यानं डोकं खाजवलं.

वहिनी खाली वाकून एकाएकी फार मन लावून शेंगदाणे वेचायला लागली. ताईनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीतून समोरच्या इमारतीकडे. गच्चीच्या अगदी समोर वहिनीच्या माहेरची खिडकी होती.

"वहिनी! तुमच्याकडे रंगीत होता!"

"होता," वहिनी शेंगदाण्यांना म्हणाली. "मी तो खिडकीकडे तोंड करून ठेवायचे. बाबा विचारायचे, असा का वळवलास? मी सांगायचे, इकडून उजेड पडतो."

"म्हणजे आम्ही मुंग्या बघत होतो, आणि दादा वर रंगीत बघत होता?" धाकटा आता रडायच्या बेतात होता. "आणि मी त्याला माझ्या वाट्याची गोळी ठेवायचो! दया येऊन!"

"मग शेवट? शेवट तर पाहिला असेल दादानं!" ताई म्हणाली.

वहिनीचे कान लाल झाले. "नाही. मालिका संपणार, म्हणजे हे पुढच्या रविवारी वर येणार नाहीत. म्हणून मी टीव्हीपुढे येऊन उभी राहिले. खिडकीतून हात हलवला. यांनीही हलवला."

"कुठला हात?" टीव्हीवाल्यानं धंद्याला साजेसा प्रश्न विचारला.

"अँटेना धरलेला."

"म्हणजे तेव्हा वारा नव्हताच!" ताई उभीच राहिली. "इतकी वर्षं मी त्या वाऱ्याला शिव्या घालतेय!"

"घाला," वहिनी हसून म्हणाली. "तो वारा मीच."

पडद्यावर पाहुण्यानं मुखवट्याला हात घातला. आणि चित्र गेलं! कारण वर दादा एका हातानं काकूंची चादर सोडवत होता.

"बस झाल्या मुंग्या!" ताईनं टीव्हीवाल्याला सांगितलं. "लावा तुमची थेट वायर. आणि भाग घ्या थोडा मागे."

वायर जोडली. चित्र काचेसारखं स्वच्छ. पाहुण्यानं मुखवटा काढला, आणि आत निघाला किल्ल्याचा म्हातारा घंटावाला, प्रत्येक भागात टोले देऊन निघून जाणारा!

"मी तेव्हाच म्हणालो होतो!" धाकटा ओरडला. तेव्हा तो घोडा सोडून सगळ्यांचंच नाव घेत असे.

ताईनं आनंदानं मागे वळून पाहिलं. वहिनीही खोलीत नव्हती. ताईनं खिडकीतून वाकून वर पाहिलं. गच्चीच्या कठड्याशी दादा उभा होता, हातात आता कशालाच न जोडलेला अँटेना. शेजारी वहिनी, ओंजळीत शेंगदाणे. दोघं समोरच्या खिडकीकडे बघत हसत होती.

"आलं का?" दादानं वरून विचारलं.

ताईनं त्या लख्ख पडद्याकडे पाहिलं. मग खिडकीतून मान बाहेर काढून जोरात ओरडली,

"नाही अजून! हलू नको, तिथंच थांब!"