नळातून येणाऱ्या आसरा

माझा काका नळाला नमस्कार करून मगच आंघोळीला बसतो. बदलापुरात आमच्या नळाला पाणी बारवी धरणाचं, धरणात साती आसरा, तेव्हा पाइपातून त्या घरात येणारच, असा त्याचा हिशेब. इतक्या बारीक भोकातून बाई येते का, हे त्याने प्लंबरलाही विचारलं होतं. प्लंबर म्हणाला, "चाचा, यहाँ पानी नहीं आता, बाई कहाँ से आएगी?"

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बायका. आवडलेलं माणूस ओढून नेतात म्हणे. आमच्या घरात यावर कुणी हसत नसे. आजोबा नदीत गेले, पुढे माझे बाबाही तसेच गेले. दोघे पट्टीचे पोहणारे. वर काढलं तेव्हा बाबांच्या पोटात पाणीसुद्धा नव्हतं. काका एवढंच म्हणायचा, "बुडाला नाय, नेला."

तेव्हापासून दरवर्षी नदीवर हिरव्या बांगड्या आणि दहीभात. मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, सविताला, पाण्याची बंदी. मी बीएस्सी झाले. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली. हे सांगायला मला आवडतं. पण निकालाच्या दिवशीही काकाने मला रस्त्यातल्या डबक्याला वळसा घालायला लावला.

सविताने मात्र घरी न सांगता अंबरनाथच्या तरणतलावात नाव घातलं. उडी मारली आणि पाण्यातच तिची शुद्ध गेली. शिकवणाऱ्या बाईंनी बाहेर काढून छाती दाबली, म्हणून वाचली. काका हॉस्पिटलच्या आधी तलावावर पोचला, नारळ घेऊन. वॉचमनने अडवलं तर त्यालाच विचारतो, "पाणी बारवीचंच ना?"

उल्हासनगरच्या हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी सविताचा कार्डिओग्राम पाहिला आणि घरात कोण कसं गेलं ते विचारलं. नदीचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, एक ठोका पडला की पुढच्या ठोक्यासाठी हृदयात विजेची तयारी व्हावी लागते. तुमच्या घराण्यात त्या तयारीला जास्त वेळ लागतो. पोहताना, धावताना ताल सुटतो, आणि पाणी पोटात जायच्या आत माणूस जातो. हे रक्तातून येतं. सविताला रोज गोळी, पोहणं कायमचं बंद, आणि रक्ताच्या प्रत्येक माणसाची तपासणी.

माझ्यातही तो दोष निघाला. दोष काही डिग्री विचारत नाही.

काका तयार होईना. आसरा कागदावर उमटत नाय, म्हणाला. शेवटी काका तपासून घेईपर्यंत गोळी घ्यायची नाही, असा सविताने हट्ट धरला, तेव्हा आला. बनियन काढायला लाजला. छातीला वायरी लावणाऱ्या पोरीला म्हणाला, "करंट देणार का घेणार?" घेणार, ती म्हणाली. "घे बाई. माझ्यात उरलाय कुठं?"

त्याचं रक्तही तपासायला गेलं. काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, त्याची छाती ऐकली आणि म्हणाल्या, "काका, घराण्यातला दोष तुमच्यात आलेला नाही." सविताने टाळी वाजवली.

काका शर्ट घालत होता. डॉक्टरीणबाईंना सोडून त्याने मला विचारलं, "मला पोरं झाली असती, तर त्यांच्यात?"

"नसता आला," मी म्हटलं. गोड करून बोलायला मला येत नाही.

तो बटणं लावत राहिला. "वांगणीची एक होती," तो म्हणाला. "ठरल्यातच जमा होतं. तिला म्हटलं, तू मला पसंत नाय. मनात म्हटलं, पोरं करून पाण्याला द्यायची, ते कशाला?"

आम्ही समजायचो, या चक्रम माणसाला कुणी मुलगी दिली नसेल.

"रडली ती," काका म्हणाला.

बटणं एक घर चुकली होती. सविता त्याच्यापुढे उभी राहिली, सगळी सोडली आणि पहिल्यापासून लावली. लहान मुलासारखा तो हनुवटी वर करून उभा होता.