सासूबाईंची फांदी आणि बंब

सासूबाईंच्या घरात राहायचं आणि सासूबाईंच्याच झाडावर करवत चालवायची, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. ती जावईबापूंवर आली होती. ते नगरपालिकेच्या उद्यान खात्यात पर्यवेक्षक. आग लागली, पूर आला, तर वस्तीतून बाहेर पडायला रस्ता एकच, आणि त्यावर आडव्या आलेल्या फांद्या काढायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सुटकेची रंगीत तालीम होती.

"तुतीच्या फांदीला हात लावलात तर या घराची पायरी चढायची नाही," चहाचा कप पुढे करत सासूबाई म्हणाल्या. "लेक माझ्याकडे राहील. तुमचं तुम्ही बघा."

ती फांदी सज्जासमोरून थेट रस्त्यावर गेली होती. तिच्याआड खुर्ची टाकून बसलं की खालून जाणारा प्रत्येक माणूस आणि त्याची पिशवी दिसे, खालच्याला मात्र नुसती पानं दिसत. वस्तीतली बातमी आधी सासूबाईंना कळे, मग ज्याची त्याला. फांदी जावईबापूंनाही प्रिय होती. तिच्यामुळे सज्जातून चौकातलं कोपऱ्यावरचं दुकान दिसत नसे, आणि जावईबापूंनी सिगारेट सोडली आहे असं घरात सगळे धरून चालले होते.

खात्याची पद्धत साधी होती. टेम्पोवर एक बांबू उभा बांधायचा, आगीच्या बंबाच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त. टेम्पो हळूहळू न्यायचा आणि बांबू जिला टेकेल ती फांदी कापायची. "बांबू बोलेल ते खरं," असं जावईबापूंनी आजवर किती रडवेल्या झाडमालकांना ऐकवलं असेल! तुतीखाली बांबू बोलला. टक्!

तोवर वस्ती गोळा झालीच होती. "बांबू कशाला हो?" "टीव्हीची तार टाकताय का?" वाण्याला राहवेना. तो आपल्या ऐसपैस देहानिशी बांबू जवळून बघायला मागे चढला. टेम्पो करकरत खाली बसला, बांबू फांदीपासून सुटला आणि जावईबापूंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"बघायचंय ना? बसा की सगळे मागे! एक फेरी मारून आणतो."

फुकटची फेरी कोण सोडतो? टेम्पो गच्च भरला आणि बांबू एका पानाला गुदगुल्या करत पलीकडे गेला.

"बघा, मी म्हणत नव्हते?" सज्जातून आवाज आला.

दुसऱ्या दिवशी पाण्याने भरलेला बंब तुतीखालून जेमतेम आत गेला. जावईबापूंनी रोखलेला श्वास सोडला. तालमीत रुग्ण व्हायला सासूबाई आपणहून तयार झाल्या, कारण रुग्णवाहिका आतून कशी असते ते त्यांना कधीचं बघायचं होतं. पार टोकाच्या शाळेवर बंबाने होतं नव्हतं तेवढं पाणी मारलं आणि वरात परत निघाली. पुढे बंब, मागे रुग्णवाहिका, त्यामागे सगळी वस्ती. तुतीखाली खाडकन आवाज झाला. बंबावरची शिडी फांदीत अडकली होती. पुढे जाता येईना, आणि मागे जायला जागाच नव्हती.

"आत जाताना गेला, मग आता कसा अडकला?" लोक विचारू लागले.

"एका दिवसात वाढली की काय फांदी?"

"पाणी संपलं, गाडी हलकी होऊन वर उचलली गेली," बंबाचे प्रमुख म्हणाले. "त्यासाठीच तर वीतभर जास्त मोजतात. मोजलं कोणी?"

जावईबापू बुटांकडे बघू लागले. त्यांचा टेम्पोवाला मात्र मदतीला धावला. "साहेब, कालच्यासारखी माणसं बसवू का वर? लगेच खाली बसेल!"

"कालच्यासारखी म्हणजे?" प्रमुखांनी विचारलं.

रुग्णवाहिकेचं दार उघडलं आणि रुग्ण उठून बसला. "काय म्हणाला तो? पहिल्यापासून सांग रे."

त्याने सगळं सांगितलं. सासूबाईंनी मागे वळून पाहिलं. शेजारची सून तान्हं पोर छातीशी धरून उभी होती. काठी टेकत आलेले आजोबा धापा टाकत होते. तालीमच होती, तरी सगळ्यांचे चेहरे उतरले होते.

"म्हणजे खरीच आग असती, तर ही सगळी माझ्या फांदीपायी..." त्या रुग्णवाहिकेतून खाली उतरल्या. मग म्हणाल्या, "कापा. जावईबापू, तुम्हीच कापा."

जावईबापूंनी फांदी कापली. लाज तर वाटत होतीच, पण मोकळंही वाटत होतं.

संध्याकाळी घरी जायचा धीर होईना, म्हणून ते नेहमीच्या दुकानापाशी थोडे रेंगाळले. मग बिचकत पायरीपाशी आले. वर उघड्या सज्जात सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"या, या. चढा पायरी," त्या प्रसन्नपणे म्हणाल्या. "मी उगाच जीव टाकत होते हो त्या फांदीवर. ती गेल्यापासून पार चौकापर्यंत दिसतं."

"हो का?" जावईबापूंचा पाय पायरीवरच थांबला.

"अगदी स्वच्छ. दुकानदाराने तुम्हाला काडी ओढून दिली ना, तीसुद्धा दिसली." आणि त्यांनी आत वळून लेकीला हाक मारली, "अगं, बाहेर ये जरा."