ऑर्किडला पाव चमचा

रविवारचा फोन नेहमीप्रमाणे खतावरूनच सुरू झाला.

"आप्पा, किती दिलंत?"

"पाव चमचा. लिटरभर पाण्यात. तू सांगितलं तसंच," गावाकडे पिंपरी पेंढारच्या घराच्या ओट्यावरून सोपानराव म्हणाले. "पर मोहिनी, एवढ्यानं चिमणीचं तरी पोट भरल का? टमाट्याला आमी पोत्यानं सोडतो."

"ऑर्किडची मुळं जळतात, आप्पा. माझं बघा, पाव चमच्यावर कसं फुललंय. फोटो पाठवलाय."

"पाह्यला. लई झ्याक."

दीड वर्षापूर्वी मोहिनीने दोन जांभळी ऑर्किडं आणली होती. एक पुण्यातल्या आपल्या बाल्कनीत, एक आप्पांना. त्याआधी बापलेकीचा फोन 'जेवलीस का'पाशी संपायचा. आता अर्धा तास चालायचा. दिवाळीत आप्पांच्या झाडाला पांढरी फुलं आली, तेव्हा तर तिने तीन पुस्तकं चाळून, खतातलं पालाश कमी पडल्यामुळे रंग उडाला, असं त्यांना समजावलं होतं. आप्पांनी निमूट ऐकलं होतं.

सोमवारी सकाळी आप्पा शेताच्या बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. आप्पांचं झाड काही झालं तरी जगवायचं, एवढंच मोहिनीने ठरवलं. तिचे चुलते दादाभाऊ कुंडीत डोकावले.

"माती न्हाई, नुसता कोळसा! आन खायला?"

"आठवड्याला पाव चमचा. काका, तुम्ही हात लावू नका."

"न्हाई लावत."

सकाळी कोळशावर विद्राव्य खताचा पांढराशुभ्र ढीग होता.

"काका!"

"अगं, दुखवट्याच्या घरात शेजारी ताटं आणत्यात. याला कोण आणणार? म्हणलं, आपणच वाढावं."

मोहिनीने झाड उपटलं, मुळांवर तीन बादल्या पाणी ओतलं आणि नवा कोळसा आणायला गोठ्यामागच्या खोलीत धावली. तिथे फवारणीच्या पंपाआड सात कुंड्या होत्या. सातही कुंड्यांत वाळून काड्या झालेली ऑर्किडं.

मागोमाग आलेल्या दादाभाऊंनी टोपी उगाच सरळ केली. "तुला सांगू नको म्हणला व्हता. पाव चमचा त्याच्या हाताला जमंना. मेलं की आळेफाट्याच्या नर्सरीतून दुसरं. भर पावसात गेलाय राव गाडीवर."

"आणि ते पांढरं?"

"तवा जांभळं संपलं व्हतं."

पालाशचं व्याख्यान आठवून मोहिनीचे कान तापले. मग तिला हसू फुटलं. हसता हसताच ती ओलं झाड उचलून ओट्यावर येऊन बसली. मांडीवरच्या झाडाचं पाणी ओढणीवर निथळत राहिलं. आप्पांच्या खुर्चीकडे बघत ती मोठ्याने म्हणाली,

"आप्पा, माझं तर पहिल्याच महिन्यात मेलं. फोटो शेजारच्या बाईंच्या झाडाचे होते. खरं सांगितलं असतं, तर रविवारी आपण बोललो कशावर असतो?"