विहीणबाईंना विहीर

मुलाने फोनवर तीन-तीनदा बजावलं होतं, "बाबा, सासूबाईंना पत्र लिहायचंच असेल तर साध्या इंग्रजीत लिहा. फ्रेंचच्या वाटेला जाऊ नका."

वेलांटीकाका त्याच संध्याकाळी वाचनालयातून इंग्रजी-फ्रेंच शब्दकोश घेऊन आले.

काका छापखान्यातले निवृत्त मुद्रितशोधक. एकदा एका दीर्घ वेलांटीपायी त्यांनी चालतं मशीन बंद करायला लावलं होतं आणि सहा हजार कॅलेंडरं रद्दीत घातली होती. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेल्यामुळे आपलंही काही चुकू शकतं, ही शक्यता त्यांच्या डोक्यातून कधीच उठून गेली होती.

मुलगा परदेशात नोकरीला होता. त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केलं होतं, आणि आता तिची आई पहिल्यांदाच पाहुणी म्हणून येणार होती. मुलगा आणि सून आठवड्याने मागाहून यायचे होते. विहीणबाईंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. अशा बाईला परक्या घरी अवघडल्यासारखं होऊ नये, तिच्या भाषेत दोन मायेचे शब्द लिहावेत, एवढाच काकांचा हेतू होता.

पत्र त्यांनी आधी मनात आपल्या भाषेत जुळवलं, मग त्याचं इंग्रजी केलं आणि मग शब्दकोश उघडला. तिथे 'गेट' आडवं आलं. इंग्रजीत मिळणं, आणणं, होणं, समजणं, पकडणं, पोचणं अशा सगळ्या कामांना हा एकच गडी राबतो. फ्रेंच लोकांनी मात्र दर कामाला वेगळा माणूस ठेवलेला.

"साडेतीन पानं नुसतं गेट!" काका स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले.

"मग लावून घ्या ते गेट आणि जेवायला या," काकू आतून म्हणाल्या.

तीन दिवस खपून काकांनी पत्र पुरं केलं, त्याची झेरॉक्स काढून ठेवली आणि मूळ पत्र रजिस्टर पोस्टाने रवाना केलं. मुलाला अर्थातच काही सांगितलं नाही. सुनेच्या तोंडून कौतुक ऐकूनच त्याला कळावं, असा त्यांचा बेत होता.

बारा दिवसांनी शब्दकोश परत करायला गेले तेव्हा काकांनी ती झेरॉक्स सहज खिशात घातली होती. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई तरुणपणी सहा वर्षं फ्रेंच शिकल्या होत्या. आपलं कौतुक करण्याइतकी लायकीची व्यक्ती आसपास तेवढी एकच, हे काकांना ठाऊक होतं.

"बघा बरं वेळ असेल तर. चुका नसतीलच, पण भाषेचा डौल कसा वाटतो ते सांगा."

बाईंनी चष्मा लावला. दोन ओळी वाचल्या. चष्मा काढून पुसला आणि त्याच दोन ओळी पुन्हा वाचल्या.

"काका, हे पत्र पाठवलंत?"

"पोचल्याची पावतीसुद्धा आली."

"अगं आई गं!" बाई म्हणाल्या. रोज लोकांना गप्प बसवणाऱ्या बाईंचा हा आवाज ऐकून वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांच्या माना वर झाल्या. बाईंनी काकांना कपाटाआड नेलं. "इथे तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

"मी तुम्हाला स्टेशनवर उतरवून घेईन. गेट डाऊन."

"हं. गाडीतून सामान उतरवलं तर हरकत नाही. पण माणसाला असं 'उतरवलं' की फ्रेंच बोलण्यात त्याचा अर्थ होतो गोळी घालून आडवा करणं. तुम्ही लिहिलंय, 'मी तुम्हाला स्टेशनवर गोळी घालीन.'"

काका हसले. मग बाई हसत नाहीत, असं पाहून थांबले.

"आणि हे शेजाऱ्यांचं काय आहे?"

"शेजाऱ्यांना तुमचं बोलणं समजणार नाही, पण आम्ही आहोत. 'गेट'चा समजणे हा अर्थ होता ना तिथे?"

"तुमचं बोट त्याच्या खालच्या ओळीवर पडलं. ऐकू येणे. 'शेजाऱ्यांना तुमचा आवाज ऐकू जाणार नाही.'"

काकांनी कपाटाचा आधार घेतला. "आणि… पुढचं?"

"पुढे तुम्ही म्हणताय की आमच्याकडे तुम्हाला लवकरच एक विहीर मिळेल."

"विहीर? मी त्यांना बरं वाटेल म्हणालो! गेट वेल!"

"वेल म्हणजे बरं, आणि वेल म्हणजे विहीरही. शब्दकोशात विहीर आधी आहे."

काकांच्या कपाळावर घाम आला. आधी स्टेशनवर गोळी. शेजाऱ्यांना आवाज नाही. मग विहीर. क्रमसुद्धा कसा अगदी बरोबर लागला होता!

तेवढ्यात वाचनालय बंद व्हायची घंटा झाली. बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी या. मी नीट खुलासा लिहून देते. तोवर तुम्ही काहीही करू नका. फ्रेंचमध्ये तर अजिबात नाही."

पण भ्यालेल्या माणसाला 'काहीही करू नका' याइतकं अवघड काम दुसरं नसतं. घरी आल्यावर काकांनी आधी दाराला कडी लावली. दाराची घंटा वाजली तर त्यांना दारात पोलीस दिसले. प्रत्यक्षात इस्त्रीवाला होता. सुनेने हे पत्र वाचलं तर? मुलाचा संसार मोडला तर? छापखान्यात कधी चूक राहिलीच तर काका तासाभरात शुद्धिपत्र छापून घेत. विहीणबाईंचा मोबाइल नंबर मुलाने देऊन ठेवलेला होता. शब्दकोश परत केला असला तरी काकांच्या टिपणवहीत शब्द उतरवून घेतलेले होते. काकांनी दोनच वाक्यं पाठवली: मी तुम्हाला स्टेशनवर 'उतरवणार' नाही. माझी बायको तुम्हाला न्यायला येईल. या दुसऱ्या वाक्यातल्या 'गेट'ला त्यांनी वहीतला सगळ्यात छोटा, निरुपद्रवी दिसणारा शब्द निवडला होता.

पंधरा मिनिटांत उत्तर आलं. फ्रेंचमध्ये. त्याचा अर्थ लावायची काकांची हिंमत झाली नाही.

सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच काका पायरीवर बसलेले होते. बाईंनी फोन हातात घेतला आणि आधी काकांचा संदेश वाचला.

"तुम्ही लिहिलंय, 'मी तुम्हाला गोळी घालणार नाही.'"

"चला, एक तरी बरोबर!"

"'माझी बायको तुम्हाला बघून घेईल.'"

"आणि त्या? त्या काय म्हणतात?"

"'ठीक आहे. माझा भाऊही सोबत असेल. आम्ही तयार आहोत.'"

बाईंनी लगोलग अचूक फ्रेंचमध्ये लांबलचक खुलासा लिहून पाठवला. पण तो पलीकडे पोचलाच नाही. फोन बंद होता. तो का बंद होता, हे दहा मिनिटांत मुलाकडून कळलं.

"बाबा, सासूबाई विमानात बसल्या. उद्या दुपारच्या गाडीने तुमच्याकडे. आणि हो, आयत्या वेळी त्यांचे धाकटे भाऊही निघालेत. काय झालंय काही कळत नाही, विचारलं तर नुसत्या हसतात."

"भाऊ… करतात काय?"

"आता निवृत्त आहेत. पोलीस खात्यात होते. हॅलो? बाबा? हॅलो?"

दुसऱ्या दिवशी काकू नवी साडी नेसून, फुलांचा गुच्छ घेऊन तयार झाल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ग्रंथपाल बाई बरोबर का येतायत, असं त्यांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "बाईंना सराव हवाय." काकांनी मात्र कोटाचे सगळे खिसे घरीच रिकामे केले होते. पेन, किल्ल्या, चष्म्याची डबी, काही नको. कोणी झडती घेतली तर वेळेला सुरीसारखं काही निघायला नको.

"अहो, तुम्हाला बरं नाहीये का? पांढरेफटक पडलाय."

"विहीणबाई येणार म्हटल्यावर माणसाला दडपण येतंच."

"मला नाही आलं."

"तुला कशाला येईल?" काका म्हणाले. "तू तर त्यांना…" आणि त्यांनी जीभ चावली.

गाडी आली. डब्याच्या दारात प्रथम एक माणूस दिसला. त्याने पूर्ण दार व्यापलं होतं. मान नव्हतीच, खांद्यांवर थेट डोकं. त्याने फलाटावर इकडून तिकडे नजर फिरवली आणि ती काकांवर आणून थांबवली. त्याच्यामागून काठी टेकत एक पांढऱ्या केसांची ठेंगणी बाई डोकावली.

काकूंना राहवेना. त्या गुच्छ पुढे करून लगबगीने निघाल्या.

"अगं थांब! धावू नकोस त्यांच्या अंगावर!" काका ओरडले. आपले हात रिकामे आहेत हे दिसावं म्हणून त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर केले. काका ओरडल्यावर आणि हात वर केल्यावर शेजारच्या हमालाने डोक्यावरची पेटी खाली ठेवून हात वर केले. एका आजोबांनीही केले.

निवृत्त पोलिसाने पाहिलं. मग सावकाश त्यानेही आपले दोन्ही हात वर केले.

विहीणबाई पोट धरून हसायला लागल्या. इतक्या, की भावाला त्यांची काठी धरावी लागली. ग्रंथपाल बाई धावत पुढे झाल्या आणि एका दमात सगळं फ्रेंचमध्ये सांगू लागल्या. विहीणबाईंनी त्यांना हातानेच थांबवलं आणि काहीतरी म्हणाल्या.

"काका, हात खाली घ्या," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा आता सैल पडला होता. "यांनी एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय. त्यांच्या वर्गातली मुलं 'गेट'चं फ्रेंच करताना हेच गोंधळ घालायची. तुमचं पत्र त्यांना पहिल्या ओळीपासून कळलं होतं. विहिरीपाशी तर त्या खुर्चीवरून पडता पडता वाचल्या."

काकांच्या छातीवरचा धोंडा उतरला. "मग… मग हे भाऊ कशाला आले?"

प्रश्न भाषांतरित होऊन गेला आणि उत्तर आलं. ते देताना विहीणबाईंचा चेहरा पहिल्यांदाच गंभीर झाला. त्यांनी काकूंकडे एक चोरटी नजर टाकली.

"त्या म्हणतात," ग्रंथपाल बाईंचा आवाज अगदी वाचनालयातला झाला, "पत्रात एकच वाक्य असं होतं, ज्याला त्या खरोखर घाबरल्या. 'माझी बायको सकाळी पाच वाजता सगळ्या पाहुण्यांना उठवते आणि दीड तास भरभर चालायला नेते.' त्यांना नऊच्या आत जाग येत नाही, आणि गुडघा हा असा. म्हणून बदली माणूस आणलाय."

"पण त्या वाक्यातसुद्धा काहीतरी चुकलंच असेल ना?" काकांनी आशेने विचारलं.

"नाही काका. ते अगदी अचूक आहे."

"काय म्हणतायत त्या?" काकू जवळ आल्या. "माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाल्या ना? सांगा की."

काकांनी समोर पाहिलं. सुनेचा हा पोलीस मामा बहिणीच्या सुटकेसाठी डोळ्यांनी विनवत होता. काकांनी बाजूला पाहिलं. काकू उत्तराची वाट पाहत होत्या, आणि काकूंना उत्तराची वाट पाहायची सवय नव्हती. पहाटेच्या फिरण्याला एकाने नाही म्हटल्यावर काय होतं, हे काका सतरा वर्षांपूर्वी एकदाच पाहून चुकले होते.

"म्हणतायत," काका म्हणाले, "दोघांनाही पहाटेचं फिरणं फार आवडतं."

ग्रंथपाल बाई खोकल्या आणि त्यांनी नजर गाडीच्या चाकांकडे वळवली.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" काकूंनी आनंदाने विहीणबाईंचा हात हातात घेतला. विहीणबाईही हसल्या. आपली अडचण समजून घेतली गेली, असं वाटून त्या मनापासून हसल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता पाहुण्यांच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. आतून विहीणबाईंचा अविश्वासाचा एक लांब उद्गार आला. काकांनी पांघरूण कानावर ओढलं. पाहुणे असले की त्यांना या कवायतीतून सुट्टी मिळे. दहा मिनिटं शांतता होती. मग काठीचा आवाज जवळ येत येत त्यांच्या पलंगापाशी थांबला.

काकांनी एक डोळा उघडला. विहीणबाई समोर उभ्या होत्या, केस विस्कटलेले, शाल उलटी पांघरलेली. मागे दारात मामा, जांभई देत. विहीणबाईंनी काकांचे बूट फक्त उचलून पलंगाशेजारी नीट जोडीने ठेवले.

काका मुकाट्याने उठले आणि नाड्या बांधायला लागले.