सुजाताच्या चपला

आमच्या शेजारची सुजाता गेली पंधरा वर्षं पायांवर उभी राहिलेली नाही. तरी तिच्या चपला झिजतात. चौकात चपला शिवणारे काका मला एकदा म्हणाले, की ह्या बाईच्या चपलांची टाच नवीकोरी असते, सगळी झीज पुढं, चवड्याला. एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली आणि पुढचा टाका घातला. मी सेलूत शाळेवर विज्ञान शिकवते. भूत नसतं, हे सातवीच्या वर्गाला दरवर्षी ठणकावून सांगते. त्या दिवशी मात्र सुजाताच्या दारावरून मी जरा भरभर चालले.

सुजाता व्हीलचेअरची शर्यत पळते. 'पळते' हाच शब्द, 'चालवते' म्हटलं की ती बोलायचीच बंद होते. अठराव्या वर्षी कापसाच्या गाडीवरून पडली आणि कमरेखालचं गेलं. दोन वर्षं छताकडं बघत काढली. तिसऱ्या वर्षी वेल्डिंगवाल्याच्या डोक्यावर बसून सायकलच्या चाकांची पहिली गाडी करवून घेतली. ती सारखी डावीकडं ओढायची. त्याच गाडीवर तिनं जिल्ह्यात पहिला नंबर काढला. तेव्हा जिल्ह्यात दुसरं कुणी पळतच नव्हतं, हेही तीच सांगते. पुढं राज्याची पदकं आली. शर्यतीची खरी गाडी आली, पुढं लांब तिसरं चाक असलेली. पदकं तिनं खिडकीच्या गजांना बांधलीत. वाजतात, त्यामुळं माकडं येत नाहीत.

जगात तिला एकच रोग ठाऊक आहे, हवा कमी असणं. दारात आलेल्या प्रत्येक गाडीचं चाक ती अंगठ्यानं दाबून बघते. माझा चेहरा उतरलेला दिसला की "मॅडम, हवा कमी हाय तुमची" म्हणते आणि चहा टाकते.

तिचं झेरॉक्सचं दुकान दुपारी बंद असतं, तेव्हा तिचा सराव. भर उन्हात पाथरी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. डांबर पाण्यासारखं हलत असतं आणि त्यातून जमिनीलगत एक हेल्मेट सरसरत येतं, खाली माणूस दिसत नाही. एका मेंढपाळानं ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मेंढरं तिथंच टाकून गाव गाठलं होतं. आता तोच घड्याळ धरून तिची वेळ मोजतो.

घरात ती आणि तिची माय, तिसरं कुणी नाही. मायचे डोळे गेलेत आणि ती आधाराशिवाय बाजेवरून उठत नाही. आमची भिंत एकच. रोज संध्याकाळी सहाला खुर्चीची चाकं दारापर्यंत येतात आणि थांबतात. मग आत पावलं सुरू होतात. चट, चट. उजवं जोरात, डावं हलकं. मी भिंतीला कान लावून मोजली, अकरा पावलं. अकराव्यानंतर मायचा आवाज येतो, "आलीस का गं?" पुढं आठवडाभर मी सहा वाजले की टीव्ही मोठ्यानं लावत होते.

शेवटी भीतीपेक्षा माझा भोचकपणा मोठा निघाला. वरणाची वाटी घेऊन मी सहाला गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. सुजाता फरशीवर होती आणि चपला तिच्या हातांत होत्या. तळव्यांवर भार देऊन ती अंग पुढं ओढत होती आणि पाय मागून घसटत येत होते. मला बघूनही ती बाजेपर्यंत थांबली नाही.

नंतर उंबऱ्याशी बसून तिनं सांगितलं. मायची आठवण सुजाता गाडीवरून पडायच्या आधीच थांबली आहे. चाकं वाजली की माय घाबरते, घरात कोण शिरलंय म्हणून ओरडते. म्हणून खुर्ची बाहेर ठेवायची आणि आत पावलं न्यायची. "उजवी चप्पल मी लय आपटायची म्हणं. तिला तेवढंच याद हाय."

देशाच्या संघाच्या निवडीला तिला दोनदा बोलावणं आलं होतं. दोन्ही वेळा खांदा दुखतो म्हणून तिनं कळवलं. यंदा नाही आलीस तर यादीतून नाव काढीन, असं प्रशिक्षकांनी बजावलं होतं. पाच दिवसांचा प्रश्न होता. मायच्या भाकरीपाण्याची फिकीर तिला नव्हती, ते मी करणारच होते.

"पर चपला, मॅडम," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "तुमी वाजवताल का?"

मला रडू आलं. मी हो म्हणाले. दोन संध्याकाळ तिनं मला शिकवलं, आणि 'हवा कमी पडायलीय' म्हणून हिणवलंसुद्धा.

ती गेली त्या संध्याकाळी सहाला मी तिच्या उंबऱ्याशी फरशीवर बसले. हातांत चपला चढवल्या. उजवी जोरात, डावी हलकी. मनगटं भरून आली, तरी मोजून अकरा पावलं टाकली आणि बाजेशी थांबले.

मिटल्या डोळ्यांनी माझ्याकडं तोंड करून माय ऐकत राहिली. खिडकीतली पदकं तेवढी वाजत होती.

"तू सुजी न्हाईस," ती म्हणाली. "सुजी पळायला गेलीया."

मी हळूच चपला काढायला लागले, तर तिनं चाचपत माझं मनगट धरलं.

"काढू नको बाई, वाजव. ती येईस्तोवर वाजव. घर लय गप हाय."

मी उंबऱ्यापर्यंत मागं सरकले आणि पहिल्या पावलापासून पुन्हा सुरू केलं.