तीन देशांतले कान

सरकारी दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरांची मागणी माफक होती. मुलांचे वाहणारे कान बरे करणारं एक स्वस्त औषध त्यांच्या पाहण्यात आलं होतं. ते थेंब दवाखान्यात ठेवायचे तर पुरावा हवा, पुराव्याला संशोधन हवं आणि संशोधनाला निधी हवा. इथपर्यंत कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

समोरच्या इस्त्रीवाल्या बाईंच्या मुलीचा डावा कान गेलेलाच होता, आता उजवाही वाहू लागला होता. डॉक्टरांनी अभ्यासासाठी तिचं नाव सगळ्यात आधी घातलं. जेवताना मोठ्या अभिमानाने त्यांनी हे बायकोला सांगितलं.

"अहो, मग एक बाटली आणून घाला की तिच्या कानात," बायको म्हणाली. "आपल्या पैशांनी."

"आणि मग ती अभ्यासात कशी बसेल? आधी उपचार झालेला रुग्ण अपात्र ठरतो."

"म्हणजे बरी झाली तर अपात्र?"

विज्ञान घरात समजावणं अवघड असतं, असं म्हणून डॉक्टरांनी ताक मागितलं.

निधी देणारी संस्था आंतरराष्ट्रीय होती. विषय उत्तम आहे पण फार स्थानिक आहे, कान निदान तीन देशांत वाहायला हवेत, असं तिने कळवलं. परदेशातले दोन प्राध्यापक भागीदारीला एका पायावर तयार झाले. अडचण एवढीच, की त्यांच्याकडे कुणाचे कान वाहत नव्हते. पाहुण्यांना अवघडल्यासारखं नको म्हणून डॉक्टरांनी शीर्षकातून 'वाहणारे' काढलं. मुलांच्या बाबतीत फार परवानग्या लागतात, म्हणून मुलं काढली. थेंबांना बाकीच्या दोन देशांत मान्यता नव्हती, तेव्हा थेंबही गेले. उरलं ते 'श्रवणाविषयीची लोकजाणीव : एक त्रिराष्ट्रीय अध्ययन'. ते वाचून डॉक्टरांना स्वतःविषयी इतका आदर वाटला, की त्यांनी सूट शिवायला टाकला.

निधी मंजूर झाला. अभ्यासात थेंबच उरले नसल्याने आता मुलीला ते द्यायला कुणाची हरकत नव्हती, पण डॉक्टरांना बैठकांमधून मान वर काढायला सवड नव्हती. शिवाय यादीतली नावं बदलायची तर तिन्ही देशांच्या सह्या लागत. म्हणून मुलांची नावं तशीच ठेवून फक्त वयाचा रकाना वगळण्यात आला. तिन्हीकडे पद्धत एकच हवी, तेव्हा मुलाखती फोनवरून घ्यायचं ठरलं. ही कल्पना खुद्द डॉक्टरांची होती आणि तिचं फार कौतुक झालं.

परिषदेच्या आदल्या दिवशी ते इस्त्रीला दिलेला सूट आणायला समोरच्या बाईंकडे गेले. सुरकुत्या तपासत त्यांनी सहज मुलीची चौकशी केली.

"तुमच्या त्या अभ्यासाचा फोन आला होता साहेब," बाई म्हणाल्या. "मी कामात होते, पोरीने घेतला. तिला काही ऐकूच येईना, म्हणून ठेवून दिला बिचारीने. तुम्ही रागावाल, म्हणून घाबरलीय. पुन्हा लावायला सांगाल का? आणि ते थेंब कधी येणार?"

डॉक्टरांना आपला अहवाल आठवला. न बोलता फोन ठेवणाऱ्यांची नोंद 'सहभागास अनुत्सुक' अशी झाली होती. त्यांची संख्या पाहून 'गरीब वस्त्यांत स्वतःच्या आरोग्याविषयी अनास्था दिसते' हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. अहवाल छापून झाला होता. दुरुस्तीला दोन्ही प्राध्यापकांची संमती लागली असती आणि ते तर विमानात बसले होते. बघतो, असं म्हणून त्यांनी सूट घेतला. तो फार सुरेख इस्त्री केलेला होता.

परिषदेत ते वाक्य वाचताना त्यांचा आवाज जरा अडखळला. समोरच्या विद्वानांनी मात्र गंभीरपणे माना डोलावल्या. आपण तिथे असतात तर आपणही मान डोलावली असती, आणि या लोकांना स्वतःचीच किंमत नसते हो, असं शेजारच्याच्या कानात हळूच म्हणालाही असतात.